वसईचा दुभाषी: रक्तसाक्षी संत गोन्सालो गार्सिया

दरवर्षी सहा फेब्रुवारीला सार्वत्रिक ख्रिस्तसभेच्या पंचांगात संत पॉल मिकी व त्यांचे सोबती ह्या रक्तसाक्षींचे स्मरण केले जाते. जगाच्या पाठीवर कोठेही त्या दिवशी मिस्सेला बसलेल्या भाविकाच्या कानांवर पॉल मिकी हे नाव पडते. ‘सोबती’ ह्या एका शब्दात मात्र पंचवीस नावे झाकली जातात. त्यांपैकी एक नाव वसईचे आहे. ह्याच मातीत जन्मलेल्या, ह्याच खाडीवरून तारवात बसून निघालेल्या आणि पुन्हा कधीही घरी न परतलेल्या गोन्सालो गार्सिया ह्यांचे.

भारतात जन्मलेल्या व्यक्तींपैकी ज्यांना ख्रिस्तसभेने सर्वप्रथम संतपद बहाल केले ते हेच. असे असूनही २००८ साली केरळच्या अल्फोन्सा ह्यांना संत घोषित करण्यात आले, तेव्हा पहिल्या भारतीय संत म्हणून त्यांचा गौरव अनेक ठिकाणी छापून आला. अल्फोन्सा ह्या संतपदी पोहोचलेल्या पहिल्या भारतीय स्त्री आहेत, आणि त्यांचा मान निर्विवाद आहे. वसईकरांना तेव्हा जे खटकले ते एवढेच की, गोन्सालो ह्यांना भारतीय म्हणावे की नाही, असा प्रश्न उपस्थित करण्यात आला. त्यांचे वडील पोर्तुगीज होते, हे त्यामागचे कारण. आई ह्याच भूमीची होती, ह्याचा मात्र अनेकांना विसर पडला. एखाद्याचे कूळ केवळ पित्यावरून ठरवायचे आणि मातेला हिशेबात धरायचे नाही, ही रीत आम्हांला मान्य नाही. गोन्सालो ह्यांना स्वतःलाही आयुष्यात ह्या मिश्र जन्माचा जाच सोसावा लागला असावा, असे मानण्यास जागा आहे. ते पुढे येईलच.

१५३४ साली गुजरातचा सुलतान बहादूरशहा ह्याने वसई पोर्तुगिजांच्या स्वाधीन केली. पुढील दोन-तीन दशकांत येथे तटबंदी, मठ, चर्चे, गोद्या आणि व्यापारी पेठ उभी राहिली. फ्रान्सिस्कन धर्मगुरू येथे आधीच कार्यरत होते. त्यांच्या पाठोपाठ येशूसंघीय म्हणजे जेज्वीट धर्मगुरू आले. संत फ्रान्सिस झेवियर ह्यांचे पाय वसईला लागले, आणि १५४९ साली तेच झेवियर जपानच्या किनाऱ्यावर उतरले. गोन्सालो ह्यांचा जन्म १५५६ किंवा १५५७ सालचा, म्हणजे झेवियर ह्यांच्या निधनानंतर जेमतेम चार-पाच वर्षांनी झालेला. ज्या मुलाच्या बालपणी वसईच्या चर्चमधून जपानच्या धर्मकार्याच्या वार्ता ऐकू येत असत, त्याच्या मनात जपानने घर केले असेल तर नवल नाही.

किल्ल्यातील येशूसंघाच्या पवित्र नामाच्या चर्चलगतच्या विद्यालयात त्यांचे शिक्षण झाले. सेबास्तियन गोन्साल्विस नावाच्या येशूसंघीय धर्मगुरूंचा त्यांच्यावर विशेष लोभ होता, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते. १५७२ साली, पंधरा-सोळा वर्षांच्या वयात, गोन्सालो येशूसंघीयांसमवेत जपानला निघाले. आजच्या हिशेबाने हे दहावीच्या वर्गातले वय. नागासाकी हे बंदर पोर्तुगीज जहाजांसाठी खुले होऊन तेव्हा अवघे एक वर्ष झाले होते. ज्या गावाने पुढे त्यांचा मृत्यू पाहिला, ते गाव त्यांच्या डोळ्यांदेखत वाढत गेले.

जपानमध्ये त्यांनी सुमारे आठ वर्षे धर्मशिक्षक म्हणून काम केले. ह्या काळात त्यांनी जी गोष्ट कमावली, ती त्यांच्या पुढील साऱ्या आयुष्याचा पाया ठरली. ती म्हणजे जपानी भाषा. आम्ही येथे थोडे थांबू इच्छितो, कारण ह्या कर्तृत्वाचे मोल सहसा ध्यानात घेतले जात नाही. युरोपातून आलेले कित्येक विद्वान धर्मगुरू वर्षानुवर्षे जपानमध्ये राहूनही दुभाष्याविना प्रवचन करू शकत नसत. ह्या भाषेत मोठ्यांशी, बरोबरीच्यांशी आणि धाकट्यांशी बोलण्याचे क्रियापदांचे वेगवेगळे साज आहेत. एक साज चुकला तरी अपमान होतो. वसईच्या मुलाला भाषांची सवय जन्मतःच होती. घरात आईची बोली, वडिलांची पोर्तुगीज, चर्चमध्ये लॅटिन, बाजारात आणखी दोन-तीन. आजही आमच्या धर्मग्रामांतील मूल घरी कादोडी किंवा वाडवळी बोलते, शाळेत मराठी, आणि कामाधंद्यात हिंदी-इंग्रजी. गोन्सालो ह्यांनी तीच सवय जपानला नेली आणि ती भाषा इतकी आत्मसात केली की, लहानथोर त्यांच्यापाशी मोकळेपणाने बोलू लागले.

येशूसंघात प्रवेश मिळावा ही त्यांची मनोमन इच्छा होती. ती फलद्रूप झाली नाही. पुन्हा पुन्हा विनंती करूनही त्यांना संघाचे सभासद करून घेण्यात आले नाही. १५७० ते १५८१ ह्या काळात जपानमधील येशूसंघाचे प्रमुख फ्रान्सिस्को काब्राल होते. युरोपाबाहेर जन्मलेल्यांना संघात घेण्याविषयी त्यांचे मत प्रतिकूल होते, हे इतिहासात नमूद आहे. त्या युगात पूर्वेकडील बहुतेक धर्मसंघांची वृत्ती अशीच होती. ज्याची आई वसईची, त्याने शिकवणीचे, दुभाष्याचे, धावपळीचे काम करावे. परंतु संघाच्या घरात बंधू म्हणून बसू नये, असा तो काळ होता. एक धर्मगुरू ह्या नात्याने हे लिहिताना आम्हांला संकोच वाटतो, तरी ते लिहिलेच पाहिजे.

नकार पदरी पडल्यावर गोन्सालो ह्यांनी कटुता धरली नाही, पण ते तेथे ताटकळतही राहिले नाहीत. त्यांनी सरळ व्यापार सुरू केला. जपानी भाषा, जपानी माणसांची ओळख आणि सचोटी ह्या भांडवलावर त्यांचा धंदा भरभराटीला आला आणि इतर बंदरांपर्यंत पसरला. संतांच्या चरित्रांत व्यापाराची वर्षे घाईने उरकण्याची पद्धत आहे, जणू तो मधला एखादा घसरलेला पाय असावा. आमचे मत निराळे आहे. मालाची पारख करणारा, शब्द पाळणारा, तीन-चार भाषांत सौदा करणारा हा वसईकर प्रापंचिक त्या वर्षांतही तोच श्रद्धावंत होता.

व्यापाराच्या निमित्ताने ते फिलिपाईन्समधील मनिला येथे जात. तेथे त्यांची गाठ फ्रान्सिस्कन संन्याशांशी पडली. अनवाणी चालणारे, कुष्ठरोग्यांच्या जखमा धुणारे, भिक्षेवर जगणारे हे लोक पाहून त्यांच्या मनातील जुनी ओढ पुन्हा जागी झाली. त्यांनी कमावलेले सर्व सोडले आणि फ्रान्सिस्कन संघात ब्रदर म्हणून प्रवेश घेतला. येथे त्यांना कुणी अडवले नाही. ते धर्मगुरू झाले नाहीत, अखेरपर्यंत ब्रदरच राहिले. भारताच्या पहिल्या संताने कधी मिस्सा अर्पण केली नाही, कधी पापनिवेदन ऐकले नाही, हे आमच्या श्रद्धावंतांपैकी अनेकांना ठाऊक नसते.

ह्या सुमारास जपानची सत्ता तोयोतोमी हिदेयोशी ह्याच्या हाती एकवटली होती. १५८७ साली त्याने ख्रिस्ती धर्मोपदेशकांना देश सोडण्याचा हुकूम काढला होता, पण तो कठोरपणे अमलात आणला नव्हता. १५९२ साली कोरियावर स्वारी करून त्याने फिलिपाईन्सच्या स्पॅनिश सत्तेकडेही मांडलिकत्वाची मागणी केली. मनिलाच्या गव्हर्नरला शिष्टमंडळ पाठवणे भाग पडले. त्या शिष्टमंडळाचे प्रमुख म्हणून १५९३ साली फ्रान्सिस्कन धर्मगुरू पेद्रो बाप्तिस्ता ह्यांची निवड झाली आणि दुभाषी म्हणून ब्रदर गोन्सालो ह्यांची. ज्या देशातून ते नकार घेऊन बाहेर पडले होते, तेथे ते आता राजदूताचा आवाज बनून परतले.

हिदेयोशीची छावणी त्या वेळी क्यूशू बेटावरील नागोया येथे होती. दरबारातील तो प्रसंग नाजूक होता. एका बाजूला मांडलिकत्व मागणारा आणि कुणाचेही ऐकून न घेणारा सत्ताधीश, दुसऱ्या बाजूला ते मान्य करण्याचा अधिकारच नसलेला संन्यासी, आणि मध्ये गोन्सालो. दुभाष्याने एखादा शब्द जास्त कडक केला तर मुंडकी उडायची. जास्त मऊ केला तर आपल्या लोकांचा विश्वासघात व्हायचा. फ्रान्सिस्कनांनी आपली निष्ठा देवाशी आणि आपल्या राजाशी असल्याचे स्पष्ट केले, मैत्रीची तयारी मात्र दर्शवली. हिदेयोशीने त्यांना परत पाठवण्याऐवजी जपानमध्ये राहू दिले आणि राजधानी क्योटो येथे जागाही दिली.

पुढील तीन वर्षे गोन्सालो ह्यांच्या जीवनातील सर्वांत फलदायी वर्षे होत. क्योटोमध्ये १५९४ साली फ्रान्सिस्कनांचे चर्च उभे राहिले. त्याला असिसीच्या मूळ मठाची आठवण म्हणून पोर्सियुंकुला हे नाव मिळाले. शेजारी कुष्ठरोग्यांसाठी व गोरगरिबांसाठी रुग्णालये निघाली. ज्यांना जपानी समाजाने वेशीबाहेर टाकले होते, त्यांना येथे अंथरूण, अन्न आणि औषधपाणी मिळू लागले. धर्मगुरूंना भाषा येत नव्हती. अधिकाऱ्यांशी बोलणी, लाकूड-दगडाची व्यवस्था, शिकवणी आणि आजाऱ्यांची विचारपूस ह्या साऱ्यांसाठी ब्रदर गोन्सालो लागत. धर्मग्रामात काम केलेल्या कुणालाही हे चित्र ओळखीचे वाटेल. वेदीवर एक जण उभा असतो, आणि सारा गाडा ओढणारा दुसराच असतो.

ह्या कथेतील एक अप्रिय बाजू आम्ही टाळू इच्छित नाही. पोप तेरावे ग्रेगरी ह्यांनी १५८५ साली जपानचे धर्मकार्य केवळ येशूसंघाकडे सोपवले होते. फ्रान्सिस्कन तेथे आले ते राजदूत म्हणून, आणि राहिले धर्मोपदेशक म्हणून. १५८७च्या हुकुमानंतर येशूसंघीय गाजावाजा न करता काम करीत होते. फ्रान्सिस्कन उघडपणे उपदेश करीत. त्यावरून दोन्ही संघांत तीव्र वाद झाला. कुणाचे बरोबर होते ह्याचा निवाडा चारशे वर्षांनंतरही इतिहासकारांना करता आलेला नाही, तेव्हा आम्हीही तो करीत नाही. दोन्ही घरांशी नाते असलेल्या गोन्सालो ह्यांना त्या वादाची झळ किती लागली असेल, ह्याची कल्पना मात्र करता येते.

१५९६ सालच्या ऑक्टोबरमध्ये मनिलाहून मेक्सिकोला निघालेले ‘सान फेलिपे’ नावाचे स्पॅनिश जहाज वादळात सापडून शिकोकू बेटाच्या तोसा किनाऱ्याला लागले. त्यावर अमाप मालमत्ता होती. हिदेयोशीच्या अधिकाऱ्यांनी ती जप्त केली. त्या वेळी जहाजाच्या सुकाणूवाल्याने, स्पेनचा राजा आधी धर्मोपदेशक पाठवतो आणि मागाहून सैन्य, अशा अर्थाची बढाई मारल्याचे सांगितले गेले. ती खरोखर मारली गेली की जप्तीचे समर्थन म्हणून रचली गेली, ह्यावर मतभेद आहेत. परिणाम मात्र एकच झाला. हिदेयोशीचा राग भडकला आणि ८ डिसेंबर १५९६ रोजी, निष्कलंक मरियेच्या सणादिवशी, मठाभोवती शिपायांचा पहारा बसला.

पकडलेल्यांत सहा फ्रान्सिस्कन, तीन येशूसंघीय आणि पंधरा जपानी प्रापंचिक होते. आचारी, वैद्य, धर्मशिक्षक, आणि मिस्सेला मदत करणारी तीन मुले. त्यांतील लहानगा लुईस इबाराकी बारा वर्षांचा होता. यादीत मथियास असे एक नाव होते. शिपायांनी हाक मारली तेव्हा तो माणूस जागेवर नव्हता. त्याच नावाचा शेजारचा एक ख्रिस्ती पुढे झाला आणि मीही मथियासच आहे असे म्हणून त्याच्या जागी उभा राहिला. शिपायांची यादी पूर्ण झाली.

नाक आणि दोन्ही कान कापण्याचा हुकूम होता. एका अधिकाऱ्याने तो सौम्य केला. ३ जानेवारी १५९७ रोजी क्योटोत प्रत्येकाच्या डाव्या कानाचा भाग कापण्यात आला. नंतर त्यांना बैलगाड्यांत घालून क्योटो, ओसाका व साकाई ह्या शहरांतून फिरवण्यात आले. पुढे शिक्षेचा फलक चालत होता. हे लोक लुझॉनहून राजदूत म्हणून आले आणि बंदी असलेला धर्म शिकवत राहिले, असा त्यावरील आरोपाचा आशय होता. ज्या शिष्टाईत गोन्सालो ह्यांनी शब्दांचा पूल बांधला, तीच शिष्टाई आता त्यांच्यावरचा गुन्हा म्हणून लिहिली गेली होती.

तेथून ऐन हिवाळ्यात नागासाकीपर्यंतचा प्रवास सुमारे महिनाभर चालला. वाटेत कैद्यांची शुश्रूषा करणाऱ्या आणखी दोघा जपानी ख्रिस्ती बांधवांनाही शिपायांनी त्यांच्यात सामील करून घेतले. अशा रीतीने चोवीसांचे सव्वीस झाले.

५ फेब्रुवारी १५९७. निशिझाका टेकडीवर सव्वीस क्रूस एका ओळीत मांडले होते. क्रूस म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर खिळे येतात. जपानी पद्धतीत हात, पाय आणि मान लोखंडी कड्यांनी व दोरांनी बांधून क्रूस उभा करीत आणि दोन्ही बाजूंनी भाले खुपसून प्राण घेत. भाले छातीत एकमेकांना छेदून जात. म्हणूनच संत गोन्सालो ह्यांच्या चित्रांत क्रूसासोबत दोन भाले असतात. टेकडीवर पोहोचताच गोन्सालो इतरांच्या आधी आपल्या क्रूसाकडे गेले, असे त्यांची चरित्रे सांगतात. त्यांचे वय त्या दिवशी चाळीसच्या आसपास होते.

त्या सकाळची एक घटना आम्हांला नेहमी अस्वस्थ करते. सव्वीसांतील तिघे येशूसंघीय म्हणून गणले जातात. त्यांपैकी पॉल मिकी आधीपासून संघात होते. योहान सोआन हा एकोणीस वर्षांचा तरुण आणि दिएगो किसाई हे चौसष्ट वर्षांचे गृहस्थ मात्र धर्मशिक्षक व सेवक म्हणून संघाच्या घरी काम करीत होते. त्यांना येशूसंघात घेण्यात आले ते त्याच सकाळी, क्रूसावर जाण्याच्या थोडे आधी. निरोप द्यायला आलेल्या येशूसंघीयांत जोआव रोद्रिग्ज होते. तेही हिदेयोशीच्या दरबारातील दुभाषी. गोन्सालो ह्यांनी तारुण्यात जे मागितले होते, ते दोघा धर्मशिक्षकांना त्यांच्या डोळ्यांसमोर मिळाले. स्वतः ते फ्रान्सिसकरांच्या झग्यात, त्याच ओळीतील क्रूसावर गेले. मनिलात कुणी दार उघडले नसते, तर ते त्या सकाळी टेकडीखालच्या गर्दीत एक व्यापारी म्हणून उभे असते.

१६२७ साली पोप आठवे अर्बन ह्यांनी ह्या रक्तसाक्षींना धन्यवादित घोषित केले. वसईत त्यांचा सन्मान होऊ लागला. परंतु १७३९ साली चिमाजी अप्पांच्या सैन्याने वसई जिंकली, पोर्तुगीज धर्मगुरू गेले, किल्ल्यातील मठ ओस पडले आणि वेदींबरोबर गोन्सालो ह्यांची आठवणही झाडाझुडपांत हरवली. लोकांनी श्रद्धा सोडली नाही. देशी धर्मगुरूंच्या आधाराने वाड्यांतील आणि कोळीवाड्यांतील घरांत रोझरी चालू राहिली. आपल्याच गावच्या सुपुत्राला मात्र आपण विसरलो. १८६२ साली ८ जून रोजी, पेंटेकॉस्टच्या दिवशी, पोप नववे पायस ह्यांनी रोममध्ये सव्वीसही जणांना संतपद बहाल केले. त्यानंतर वसईने त्यांना हळूहळू पुन्हा ओळखले.

ह्याच काळात नागासाकीत एक विलक्षण गोष्ट घडली. ह्या सव्वीस संतांना समर्पित असलेले ओउरा चर्च तेथे बांधून झाले, आणि १८६५ साली मार्च महिन्यात काही शेतकरी त्या चर्चमध्ये येऊन फ्रेंच धर्मगुरूंना हळूच भेटले. ते ख्रिस्ती होते. अडीचशे वर्षे धर्मगुरूंविना, मिस्सेविना, बाप्तिस्मा आणि प्रार्थना तेवढ्या जपत त्यांच्या पिढ्या लपून राहिल्या होत्या. गोन्सालो ज्यांच्या पूर्वजांना त्यांच्या भाषेत देवाविषयी सांगत होते, त्यांच्याच समाजाचे हे लोक.

निशिझाका टेकडीवर १९६२ साली स्मारक उभारले गेले. काशाच्या सव्वीस मूर्ती एका ओळीत, पाय जमिनीवर न टेकलेल्या. १९८१ साली पोप दुसरे जॉन पॉल आणि २०१९ साली पोप फ्रान्सिस तेथे प्रार्थनेसाठी उभे राहिले. रक्तसाक्ष्याच्या चारशेव्या वर्षानंतर वर्षभरातच, १९९८ साली, मुंबई महाधर्मप्रांतातून आमचा वसई धर्मप्रांत वेगळा झाला. नालासोपाऱ्याजवळील गास येथील धर्मग्राम संत गोन्सालो ह्यांच्या नावाने ओळखला जातो, वसईतील महाविद्यालयालाही त्यांचेच नाव आहे, आणि घरोघरच्या मुलांत अजूनही एखादा गोन्सालो सापडतो.

किल्ल्यात पवित्र नामाचे चर्च उभे आहे.  दर्शनी भिंत, कमान आणि आतल्या थडग्यांच्या शिळा तेथे आहेत. संत गोन्सालो ह्यांच्या सणाला त्या चर्चमध्ये वेदी मांडली जाते, धर्मग्रामांतून माणसे येतात, आणि ज्या आवारात एका मुलाने आपली पहिली अक्षरे गिरवली तेथे मराठीतून मिस्सा होते.